घंटागाडी: तुमच्याकडे काय केल्यावर फरक पडला?

आमच्या नगरपालिकेने कचरा उचलण्याबद्दल सूचना मागवल्यात आणि सगळ्यांच्या सूचना 'गाडी रोज पाठवा' एवढ्यावरच संपतायत, म्हणून धागा काढला. तुमच्याकडे नेमकं काय बदललं आणि त्याने काय झालं ते लिहा. तक्रारी पण चालतील, फक्त त्यातून काहीतरी हाती लागू दे.

*

सगळा कचरा रोज नेऊच नये असं माझं मत. आमच्याकडे ओला रोज आणि सुका ठरलेल्या वारीच नेतात. सुरुवातीला लोक जाम भांडले, सुका घरात ठेवायचा कुठे म्हणून. अहो पण धुऊन वाळवलेल्या प्लास्टिकला वास येतोच कुठे, वास येतो तो खरकट्यासकट कोंबलेल्याला.

*

+१, पण आमचं दुखणं वेगळंय. आम्ही इमानदारीत दोन डबे ठेवतो आणि गाडीवाला डोळ्यादेखत दोन्ही एकत्र ओततो, मग पुढच्या आठवड्यात अर्धी गल्ली वेगळं करायचं सोडून देते. ओला, सुका आणि घातक असं घरातच वेगळं करायचं हे २०१६ च्या केंद्राच्या नियमांपासून लिहिलेलं आहे, आणि वेगळा केलेला वेगळाच न्यायचा हे पालिकेचं काम. गाडीत पार्टिशन होतं हो, पण सुका वजनाला हलका आणि जागा खाणारा, त्याची बाजू अर्ध्या रस्त्यातच भरायची आणि उरलेला ओल्यावर. शेवटी कोणीतरी डोकं लावून पार्टिशन सरकवलं आणि सुक्याच्या बाजूला वर जाळी चढवली, तेव्हापासून बरंच बरं आहे.

*

पार्टिशनच्या आधी ठेकेदाराचं बिल कसं निघतं ते बघा. मी पालिकेच्या आरोग्य खात्यात होते, आता रिटायर. बिल टनावर निघत असेल तर ओला-सुका मिसळला काय नि वर राडारोडा टाकला काय, वजन वाढलं की त्याचा फायदाच, तो कशाला वेगळं करून घेईल? पैसे किती घरं घेतली आणि वेगळा केलेला किती पोचवला यावर हवेत, आणि हे टेंडरमध्येच लिहावं लागतं, नंतर कितीही अर्ज करा उपयोग नाही. घराचा कचरा घेतला याची नोंद व्हावी म्हणून दारावर लावतात ते क्यूआर कोड पण सांभाळून. आमच्या गाडीवरच्या काही मुलांनी कोडचे फोटो काढून ठेवले होते आणि एका जागी बसून सगळी गल्ली स्कॅन करायचे :ड

*

हे भारीच. आमच्याकडे वेळेचा प्रॉब्लेम, गाडी येते तेव्हा घरात कोणी नसतं, मग पिशवी कोपऱ्यावर आणि पुढचं काम कुत्री करतात. गाडीला जीपीएस आहे पण तो ऑफिसात दिसतो, ज्याला कचरा द्यायचाय त्याला नाही!! मुकादमांनी गल्लीचा व्हॉट्सॅप ग्रुप केला, गाडी निघाली की मेसेज, आणि संध्याकाळी एक छोटी फेरी सुरू झाली. कोपरा आता स्वच्छ असतो, कुंडी न ठेवता.

*

डायपर आणि पॅडबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने ही पद्धत लोकांपर्यंत नेली. ज्या ताई हाताने सुका निवडतात त्यांना उघडल्याशिवाय कळतं आत काय आहे. ब्लेड, सुया, फुटकी काच पण पिशवीत सुटी नको, जाड डब्यात घालून तसं सांगून द्या. आणि त्यांना ग्लोव्हज मिळतात का हे वॉर्डसभेत विचारा ना कोणीतरी, आपण विचारतो फक्त गाडी किती वाजता येणार.

*

मोठ्या सोसायटीवाल्यांनी ओला आवारातच जिरवला तर गाडीचा फेरा छोट्या गल्ल्यांना मिळेल. आमच्याकडे खताचे पिट (खड्डे) केलेत, पावसाळ्यात पाणी होतं पण वाळका पालापाचोळा जास्त घातला की जमतं.

*

जुन्या गाद्यांचं काय करता? घंटागाडी घेत नाही, नाल्याकाठी ढीग लागलाय.

*

आमच्याकडे ठरलेल्या शनिवारी मोठा टेम्पो फिरतो, आधी वॉर्ड ऑफिसात नाव द्यायचं. पत्रावर नगरसेविकेची सही घेतलीत तर लवकर होतं, एकट्याच्या अर्जाला कोणी विचारत नाही. अर्जात नाल्याच्या ढिगाचा फोटो जोडा.