महाविद्यालयात लैंगिक छळाविरुद्ध जागृती: विद्यार्थी गटाने सुरुवात कुठून करावी?

प्रश्न – माळरान

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतील आम्ही काही मुलेमुली लैंगिक छळ आणि अत्याचार यांच्या प्रतिबंधासाठी एक गट सुरू करत आहोत. आजवर या विषयावर आमच्याकडे जे झाले ते मार्च महिन्यातील स्वसंरक्षणाचे प्रात्यक्षिक आणि एक व्याख्यान एवढेच, आणि तेही फक्त मुलींसाठी; मुलांना त्या दिवशी सुट्टी असते. कार्यालयाबाहेर अंतर्गत तक्रार समितीचा फलक आहे, पण तो कपाटाच्या आड गेला आहे आणि त्यावर ज्यांचा क्रमांक आहे त्या बाई कधीच्याच निवृत्त झाल्या आहेत. बहुतेकांचे म्हणणे पथनाट्य बसवावे असे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – प्राजक्त_निवृत्त

मी अध्यापन करत असताना अशा समितीची अध्यक्ष होते, म्हणून लिहिते. पथनाट्य जरूर करा, पण आधी तो फलक कपाटामागून बाहेर काढा. नाटक पाहून एखाद्या मुलीने धीर केला आणि फलकावरचा क्रमांक लागलाच नाही, तर ती पुन्हा कोणाकडे जाणार नाही.

उच्च शिक्षण संस्थांतील लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठीचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम आधी गटाने एकत्र बसून वाचावेत. अध्यक्षपदी ज्येष्ठ महिला प्राध्यापक, दोन अध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या स्वयंसेवी संस्थेतील एक सदस्य, आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी, अशी रचना त्यांत सांगितली आहे. एकूण सदस्यांपैकी निम्म्या तरी स्त्रिया असाव्या लागतात आणि कुलसचिव किंवा विभागप्रमुख यांसारख्या प्रशासकीय पदांवरील व्यक्तींना समितीत घेता येत नाही. विद्यार्थी प्रतिनिधी बहुतेक ठिकाणी नेमलेले असतात, किंवा नसतातच. निवडणुकीची मागणी तुमच्या गटाने लेखी करावी.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते, आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते. ज्या शिक्षकाविरुद्ध तक्रार आहे त्याने त्या विद्यार्थिनीचे गुण द्यायचे नाहीत, अशी शिफारस समिती चौकशी सुरू असतानाच करू शकते. प्रात्यक्षिकाचे गुण हातात असलेल्या माणसाविरुद्ध बोलायला मुली का कचरतात, हे विज्ञान शाखेच्या विद्यार्थिनीला मी सांगायला नको.

उत्तर – चौकातला_नट

प्राजक्तताईंशी सहमत आहे, तरी पथनाट्याची बाजू मांडतो, कारण विनियमांची प्रत कोणी मुलगा आपणहून वाचणार नाही. आमच्या नाटकात छेड काढणारा आणि जिची छेड काढली जाते ती, यांच्याइतकाच वेळ बाजूला उभे राहून हसणाऱ्या तिघांना दिला होता. प्रयोग थांबवून आम्ही प्रेक्षकांना विचारत असू की या तिघांपैकी एकाने आत्ता काय करावे. सुरुवातीला "त्याला बडवा" एवढेच ऐकू येई. मग कोणी म्हणे, तिला नुसते "ग्रंथालयात येतेस का" असे विचारून तिथून बाहेर काढता येईल. ही चर्चा मुलांसमोर होणे गरजेचे आहे. त्यांना सुट्टी देणे मला तरी अनाकलनीय वाटते.

उत्तर – वकिली_कट्टा

एक मुद्दा राहिला आहे आणि तो महत्त्वाचा आहे. तुमच्या आवारात अकरावी-बारावीचे वर्ग असतील, तर तिथली बहुतेक मुले अठरा वर्षांखालील आहेत आणि त्यांना लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा (पॉक्सो) लागू होतो. अशा मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळते, त्याने पोलिसांना कळवणे त्या कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. तेव्हा "आमच्याकडे बोला, कोणाला सांगणार नाही" असे भित्तिपत्रकावर लिहू नका, कारण ते वचन तुम्हाला पाळता येणार नाही. काय गुप्त राहील आणि काय कळवावे लागेल, हे समोरच्याने बोलण्यापूर्वीच त्याला सांगा.

सज्ञान विद्यार्थिनीच्या बाबतीत समितीकडे जायचे, पोलिसांकडे जायचे की दोन्हीकडे, हा निर्णय तिचा. गटाने स्वतः चौकशी करू नये, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवू नये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नावे तर अजिबात टाकू नयेत. तक्रारदाराची ओळख उघड करण्यास कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. ऐकून घ्यावे, तारखा आणि संदेश जपून ठेवायला सांगावे, लेखी तक्रार करायला मदत करावी आणि तिची इच्छा असेल तर कार्यालयापर्यंत सोबत जावे.

माळरान

सर्वांचे आभार. अकरावी-बारावीचे वर्ग आमच्याच इमारतीत भरतात, त्यामुळे भित्तिपत्रकाचा मजकूर बदलत आहोत. प्राजक्तताई, निवडणुकीची मागणी प्राचार्यांनी तोंडीच नाकारली तर काय करावे?

प्राजक्त_निवृत्त

तोंडी उत्तरावर थांबू नका. अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, अर्जात विनियमांचा उल्लेख करा आणि एक प्रत विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाकडे पाठवा. अर्जावर मुलांच्याही सह्या असू द्या.