लहान मुलांची पहिली फॉईल (तलवारबाजीतला एक प्रकार) स्पर्धा कशी बसवावी?

रत्नांग्री_क्रीडा: ८ ते १२ वयाची २४ मुलं, अर्धा दिवस, हॉलमध्ये दोनच पिस्ट (लढतीच्या पट्ट्या). सरळ बाद फेरी घ्यावी का?

पिस्टवाला: अजिबात नको. लांजा-राजापूरहून आलेलं पोर एक लढत हरून परत जाणार? ६-६ चे चार गट करा. गटात प्रत्येकाची प्रत्येकाशी, म्हणजे १५ लढती, एकूण ६०. ५ टच (फॉईलचं टोक लागणं) किंवा ३ मिनिटं, जे आधी होईल ते. टच दाखवणाऱ्या दिव्यांची वायर जोडण्यासकट लढतीला ५ मिनिटं धरा, दोन पिस्टवर अडीच तास लागतील. क्रम मनाने लावू नका: गटातल्या मुलांना नंबर द्या, १-२, ४-५, २-३, ५-६ असा ठरलेला तक्ता असतो. एका पिस्टवर दोन गट आलटून पालटून खेळवा, म्हणजे पोरांना दम खायला मिळतो. एकाच क्लबची मुलं एका गटात आलीच, तर त्यांच्या लढती आधी उरका.

खारी_हवा: आपल्याकडे खरा घोळ सामानाचा. घाम आणि दमट हवेने लामेची, म्हणजे टच नोंदवणाऱ्या जाकिटाची, धातूची जर काळी पडते. तिथे टच लागला की रंगीत दिव्याऐवजी पांढरा लागतो, म्हणजे टच धरला जात नाही, आणि पोरगं रडकुंडीला येतं. आदल्या दिवशी मीटरने तपासा. फॉईलच्या टोकाची स्प्रिंग ५०० ग्रॅमच्या वजनावर बघा, गंजलेले स्क्रू बदला. पिस्टमागे दोन फॉईल, तीन बॉडी वायर (खेळाडूच्या कपड्यांतून फॉईलला जोडायची वायर) जादा ठेवा.

पिस्टवाला: आणि पाती शून्य किंवा दोन नंबरचीच (नंबर लहान, तितकं पातं आखूड). पाच नंबरचं पातं लहानग्यांच्या मनगटाला झेपत नाही.

रत्नांग्री_क्रीडा: फरशी गुळगुळीत आहे, चालेल?

खारी_हवा: पावसाळ्यात नाही. रबरी मॅट टाका.