तिसऱ्या, कालवे आणि बेसॉल्टमधील कॅल्साइट : रासायनिक सूत्र एकच, मग स्फटिकरचना दोन का?

ऐरोलीकर यांचा प्रश्न

नमस्कार. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. माझ्या टेबलावर सध्या दोन वस्तू आहेत. एक म्हणजे पारसिकच्या डोंगराकडील एका बंद दगडखाणीत मिळालेला मधाळ रंगाचा कॅल्साइटचा तुकडा, जो बेसॉल्टच्या पोकळीत पांढऱ्या झिओलाइट या सिलिकेट खनिजाला लागून वाढलेला होता; आणि दुसरी म्हणजे बाजारातून आणलेल्या तिसऱ्यांचे रिकामे शिंपले. लिंबाचा रस टाकला की दोन्हींवर बुडबुडे येतात, झिओलाइटवर येत नाहीत. कॅल्साइट फोडला की दर वेळी तिरप्या पेटीच्या आकाराचेच तुकडे पडतात, आणि त्यांतला स्वच्छ तुकडा वर्तमानपत्रावर ठेवला की प्रत्येक अक्षर दुहेरी दिसते. शिंपल्यात यांपैकी काहीच दिसत नाही.

शिंपला अ‍ॅरागोनाइटचा असतो आणि दोन्ही पदार्थ कॅल्शियम कार्बोनेटच आहेत, इतके पुस्तकात मिळते. पुढे ‘बहुरूपता’ (एकाच पदार्थाच्या वेगवेगळ्या स्फटिकरचना असणे) हा शब्द लिहून विषय मिटवलेला असतो. माझे प्रश्न असे : ही दुसरी रचना नेमकी कशामुळे शक्य होते? समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर असताना ते शिंपल्यात का शिरत नाही? आणि हा फरक विद्यार्थ्यांना साध्या प्रयोगशाळेत दाखवता येईल का?

पारसिक_कडा

आपल्या प्रश्नाची किल्ली धातूच्या आयनाच्या आकारात आहे. कार्बोनेट आयन दोन्ही खनिजांत सारखाच असतो : मध्ये कार्बन, भोवती तीन ऑक्सिजन, आणि सगळे मिळून एक सपाट त्रिकोण, ज्यात कार्बन व ऑक्सिजन यांमधील अंतर सुमारे १.२८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) असते. बदलते ते या त्रिकोणांनी कॅल्शियमला किती बाजूंनी वेढले आहे ते. कॅल्साइटमध्ये प्रत्येक कॅल्शियमभोवती सहा ऑक्सिजन असतात, तर अ‍ॅरागोनाइटमध्ये नऊ. एका कॅल्शियममागे ऑक्सिजन तीनच असल्यामुळे, कॅल्साइटमधील प्रत्येक ऑक्सिजन दोन कॅल्शियमना जोडलेला असतो आणि अ‍ॅरागोनाइटमधील तीन कॅल्शियमना, हे साध्या भागाकारानेही निघते. पॉलिंगच्या नियमाने, म्हणजे कॅल्शियमचा भार भोवतीच्या ऑक्सिजनांत समान वाटून, हिशेब केला तरी ऑक्सिजनच्या वाट्याला दोन्हीकडे सारखेच बंधबळ येते, म्हणून रसायनाच्या दृष्टीने दोन्ही मांडण्या चालतात.

आता सहा ऑक्सिजनांच्या वेढ्यातील आयनांच्या त्रिज्या पाहा : मॅग्नेशियम ०.७२, जस्त ०.७४, लोह ०.७८, मँगनीज ०.८३, कॅल्शियम १.००, स्ट्रॉन्शियम १.१८, शिसे १.१९ आणि बेरियम १.३५ अँगस्ट्रॉम. यांतील पहिल्या चौघांची कार्बोनेटे, म्हणजे मॅग्नेसाइट, स्मिथसोनाइट, सिडेराइट आणि रोडोक्रोसाइट, ही कॅल्साइटच्या घडणीची असतात. शेवटच्या तिघांची, म्हणजे स्ट्रॉन्शियनाइट, सेरुसाइट आणि विदेराइट, ही अ‍ॅरागोनाइटच्या घडणीची असतात. लहान आयनाभोवती नऊ ऑक्सिजन मावत नाहीत आणि मोठ्याला सहांचा वेढा अपुरा पडतो. कॅल्शियम बरोबर सीमेवर बसते, म्हणून दोन्ही घरे त्याला खुली आहेत. व्हॅटेराइट नावाचे तिसरे रूपही आहे, पण ते फार टिकत नाही.

आपल्याला पडणारे तिरपे तुकडे या मांडणीतूनच येतात. मिठाच्या स्फटिकात सोडियमच्या जागी कॅल्शियम आणि क्लोराइडच्या जागी सपाट कार्बोनेट ठेवून तो घन एका कर्णावर दाबला, तर कॅल्साइटची रचना मिळते. मीठ घनाच्या बाजूंना समांतर फुटते, तसेच कॅल्साइटही तीन दिशांनी फुटते. मात्र काटकोनांऐवजी सुमारे ७५ आणि १०५ अंशांचे कोन मिळतात. डब्ल्यू. एल. ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना १९१४ मध्ये मांडली. पाटनाचे (ठरावीक सपाट पातळ्यांवर फुटण्याचे) असे तुकडे मात्र त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी फ्रान्समध्ये रने-ज्युस्त आयूई यांच्या हाती होते, आणि त्यांवरूनच त्यांनी स्फटिक एकसारख्या सूक्ष्म ठोकळ्यांचे बनलेले असतात असा तर्क केला होता. मला हा तर्क ब्रॅगच्या मापनाइतकाच थोर वाटतो.

एक दुरुस्ती सुचवतो. शिंपल्यात अक्षर दुहेरी दिसत नाही याचे कारण अ‍ॅरागोनाइटची रचना नव्हे. कॅल्साइटमध्ये सगळे त्रिकोण एकमेकांना समांतर असतात. त्यांच्या पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशासाठी अपवर्तनांक १.६५८ आणि त्या पातळीला लंब कंपासाठी १.४८६ असतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ बार्थोलिन यांनी १६६९ मध्ये आइसलँडच्या कॅल्साइटमध्ये नोंदवलेले दुहेरी अपवर्तन यातूनच येते. अ‍ॅरागोनाइटमध्येही त्रिकोण जवळजवळ समांतरच असतात आणि तेथेही अपवर्तनांकांतील फरक ०.१५ च्या वर जातो. शिंपला असंख्य सूक्ष्म स्फटिकांचा व मधल्या सेंद्रिय पापुद्र्यांचा बनलेला असल्याने प्रकाश त्यात विखुरतो, एवढेच.

खाडीकाठ

वरील उत्तर रचनेपुरते पुरेसे आहे, पण ‘दोन्ही घरे खुली आहेत’ या वाक्याने गैरसमज होऊ शकतो. साध्या दाबाला आणि तापमानाला स्थिर रूप कॅल्साइटच आहे. अ‍ॅरागोनाइटची घनता २.९३ आणि कॅल्साइटची २.७१, त्यामुळे अ‍ॅरागोनाइट खऱ्या अर्थाने स्थिर होण्यासाठी काही हजार वातावरणांचा दाब लागतो. ठाण्याच्या खाडीत चिखलात बसलेल्या तिसरीला असा दाब कोठून मिळणार? दोन रूपांच्या ऊर्जेतील फरक मोलमागे सुमारे १ किलोजूल इतका थोडा असल्यामुळे, कोणते रूप आधी आणि वेगाने वाढते यावर निकाल ठरतो.

मॅग्नेशियमची भूमिका येथे येते. आजच्या समुद्राच्या पाण्यात एका कॅल्शियममागे सुमारे पाच मॅग्नेशियम आयन असतात. कॅल्साइटच्या पृष्ठभागावर ते चिकटतात, पण भोवतीचे पाण्याचे रेणू सहज सोडत नाहीत आणि जालकात (स्फटिकातील आयनांच्या नियमित मांडणीत) शिरले तरी लहान आकारामुळे ताण निर्माण करतात. परिणामी कॅल्साइटची वाढ मंदावते. अ‍ॅरागोनाइटच्या नऊ ऑक्सिजनांच्या जागेत मॅग्नेशियम बसतच नाही, म्हणून त्याच्या वाढीला फारशी बाधा येत नाही. शिंपल्यात मॅग्नेशियम कमी का, याचे उत्तर हेच आहे. उलट स्ट्रॉन्शियम त्या जागेत आनंदाने बसते आणि ते अ‍ॅरागोनाइटी सांगाड्यांत, विशेषतः प्रवाळांत, भरपूर सापडते.

तरीही सगळा भार पाण्यावर टाकता येणार नाही. तिसऱ्या आणि कालवे एकाच खाडीतून येतात, पण कालवाचा शिंपला मुख्यतः कॅल्साइटचा असतो. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत जे अर्धपारदर्शक शिंपले बसवलेले दिसतात, तेही कॅल्साइटचेच. प्राणी आपल्या प्रथिनांच्या साच्यावर हवे ते रूप घडवतो.

ऐरोलीकर

दोघांचेही आभार. मग डोलोमाइट हे कॅल्शियम व मॅग्नेशियम या दोन्हींचे कार्बोनेट खनिज म्हणजे निम्मे मॅग्नेशियम मिसळलेला कॅल्साइट, असे वर्गात सांगितले तर चालेल का?

पारसिक_कडा

कृपया तसे सांगू नये. डोलोमाइटमध्ये कॅल्शियमचा एक थर, मग कार्बोनेटचा, मग मॅग्नेशियमचा, पुन्हा कार्बोनेटचा, असा काटेकोर क्रम असतो आणि त्या क्रमामुळे रचनेची सममिती कॅल्साइटहून कमी होते. हा क्रम लावणेच अवघड आहे : समुद्राचे पाणी डोलोमाइटच्या दृष्टीने अतिसंपृक्त (विरघळू शकेल त्याहून अधिक घटक असलेले) असूनही साध्या तापमानाला त्यातून तो जवळपास बसत नाही, आणि प्राचीन खडकांत मात्र त्याचे डोंगरच्या डोंगर आहेत. ‘डोलोमाइटचा प्रश्न’ म्हणून हा वाद भूविज्ञानात आजही चालू आहे. वर्गात दाखवायचे असल्यास थंड, विरल हायड्रोक्लोरिक आम्ल वापरावे. कॅल्साइट जोरात फसफसतो, तर डोलोमाइट पूड केल्याशिवाय नीट प्रतिसाद देत नाही.

खाडीकाठ

प्रयोगाचा प्रश्न राहिला होता. घनतेचा फरक ब्रोमोफॉर्ममध्ये सहज दिसतो, कारण २.८९ घनतेच्या त्या द्रवात कॅल्साइट तरंगतो आणि अ‍ॅरागोनाइट बुडतो. पण तो द्रव विषारी असल्याने कनिष्ठ महाविद्यालयात आणूच नये. त्यापेक्षा कोबाल्ट नायट्रेटची जुनी चाचणी करावी. शिंपल्याची आणि आपल्या कॅल्साइटची बारीक पूड वेगवेगळ्या परीक्षानळ्यांत घेऊन कोबाल्ट नायट्रेटच्या द्रावणात काही मिनिटे उकळावी व पाण्याने धुवावी. अ‍ॅरागोनाइटची पूड जांभळट होते, कॅल्साइटची पांढरी राहते. फार वेळ उकळल्यास कॅल्साइटवरही निळसर झाक येते, त्यामुळे वेळ दोन्ही नळ्यांना सारखाच द्यावा, आणि कोबाल्टचे क्षार हाताळताना हातमोजे घालावेत. तिसरी नळी कालवाच्या पुडीची ठेवावी. मात्र शिंपल्याच्या आतील बाजूस स्नायू चिकटलेला असतो तो डाग खरवडून त्या पुडीत घेऊ नये, कारण कालवात तेवढा भाग अ‍ॅरागोनाइटचा असतो.