एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, तिथला क्रेडिट स्कोअर नाही: अमेरिकेत पहिलं क्रेडिट कार्ड कसं काढायचं?

अडाणकाठ (ता. दारव्हा)
नमस्कार मंडळी. लहान बहीण ऑगस्टमध्ये एमएससाठी अमेरिकेत चालली, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. वय २३. शैक्षणिक कर्ज मंजूर आहे, इकडचा सिबिल ७७०. तिथं खोली भाड्यानं घ्यायची तरी क्रेडिट पाहतात म्हणे. एसएसएन लगेच भेटत नाही, मग पहिलं कार्ड काढायचं कसं? की माझ्या कार्डावर तिचं अ‍ॅड-ऑन काढून देऊ? आमच्या गावातून पहिल्यांदाच कोणी चाललं, विचारायला जवळ कोणी नाही.

वणी_ते_डॅलस
भाऊ, अ‍ॅड-ऑन अडीअडचणीसाठी ठेवा, पण त्यानं तिचा तिथला स्कोअर बनत नाही. इकडची बँक तिथल्या ब्युरोला (क्रेडिटची नोंद ठेवणारी संस्था) काहीच कळवत नाही. वरून परकीय चलनाचा मार्कअप, बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि त्यावर जीएसटी. इकडचा सिबिलही तिथं चालत नाही. एक वाट आहे: अमेरिकन एक्सप्रेसचं इकडचं कार्ड तिच्या नावानं किमान ९० दिवसांपासून असेल, तर त्यांच्या ग्लोबल ट्रान्सफरमधून तिथं अर्ज करता येते. नसेल तर सोडून द्या.

सरळ रस्ता सिक्युअर्ड कार्डाचा. बँकेत ठेव ठेवायची, तेवढीच लिमिट. बऱ्याच ठिकाणी २०० डॉलरपासून सुरुवात होते. क्रम असा ठेवा: पोचल्यावर पासपोर्ट, आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देते तो कागद) आणि पत्त्याचा पुरावा घेऊन शाखेत बचत नव्हे, चेकिंग (रोजच्या व्यवहाराचं) खातं उघडायचं. तिथंच विचारायचं की एसएसएनशिवाय सिक्युअर्ड कार्ड देता का. काही बँका पासपोर्टवर देतात, काही नाही. नाही म्हटलं तर कॅम्पसवर काम धरायचं. काम देणाऱ्याचं पत्र आणि कॉलेजच्या डीएसओचं (विदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणारा अधिकारी) पत्र घेऊन सोशल सिक्युरिटी कार्यालयात अर्ज करायचा, फी लागत नाही. अमेरिकेत उतरल्यावर १० दिवस थांबूनच जा, नाहीतर व्हिसाची नोंद त्यांच्या संगणकात दिसत नाही आणि अर्ज अडकते.

बँकेला तीन प्रश्न नक्की विचारा: वार्षिक फी आहे का, इक्विफॅक्स, एक्सपीरियन, ट्रान्सयुनियन या तिन्हींकडं कळवता का, आणि ठेव परत करून साधं कार्ड कधी देता. अर्जात उत्पन्न विचारतात तिथं कर्जाची रक्कम लिहू नका. ते उत्पन्न नाही.

निळोणा
नावाकडं लक्ष द्या, आपल्या लोकांचं इथंच फसते. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये पोरीचं नाव आणि बाबांचं नाव एकत्र असते. एक बँक बाबांचं नाव मधलं नाव म्हणून टाकते, दुसरी गाळून टाकते, एसएसएन कार्डावर तिसरंच. मग ब्युरोकडं एकाच माणसाच्या दोन फायली होतात आणि दोन्ही अर्धवट. पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडं लिहायला सांगा. पत्त्यात अपार्टमेंट नंबर राहिला तर कार्ड टपालातून परत जाते, तेही पाहा.

अडाणकाठ
लई मोलाचं सांगितलं. पण २०० डॉलरच्या लिमिटमध्ये काय होते? आणि एक जण म्हणे, थोडी बाकी ठेवली तर स्कोअर वाढते. खरं का?

वणी_ते_डॅलस
खोटं आहे ते, बिलकुल ऐकू नका. बाकी ठेवली की फक्त व्याज लागते.

दोन तारखा वेगळ्या समजून घ्या. समजा स्टेटमेंट १८ सप्टेंबरला निघते आणि भरायची शेवटची तारीख १३ ऑक्टोबर. (कायद्यानं मधे किमान २१ दिवस द्यावेच लागतात.) ब्युरोला साधारणपणे १८ तारखेची बाकी जाते. तिनं किराणा आणि मोबाइल मिळून १५० डॉलर खर्च केले, तर वेळेवर भरूनही लिमिटचा ७५ टक्के वापर दिसते आणि स्कोअर दबते. म्हणून १५ तारखेलाच १३५ भरून टाकायचे. स्टेटमेंटमध्ये १५ दिसतील, म्हणजे साडेसात टक्के. ३० च्या खाली चालते, १० च्या खाली उत्तम. ते १५ डॉलर १३ ऑक्टोबरच्या आत पूर्ण भरायचे, व्याज शून्य.

एटीएममधून या कार्डावर रोकड काढू नये. फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून.

पुसद_कट्टा
ऑटोपे लावताना ‘मिनिमम ड्यू’ नाही, ‘स्टेटमेंट बॅलन्स’ निवडायचं. खाते क्रमांकाच्या जागी डेबिट कार्डाचा नंबर टाकला की पेमेंट परत येते. चेकिंग खात्याचा क्रमांक आणि ९ आकडी राउटिंग नंबर लागते. एक दिवस उशीर झाला तर लेट फी, पण ३० दिवस उलटले की ब्युरोकडं नोंद होते आणि ती ७ वर्षं राहते.

फायको (तिथला मुख्य क्रेडिट स्कोअर) यायला खातं किमान ६ महिने जुनं असावं लागते. तोवर चार-पाच ठिकाणी अर्ज करत बसू नये. प्रत्येक अर्जामागं बँक ब्युरोकडं चौकशी करते, ती अहवालात २ वर्षं दिसते. एखादा अर्ज नाकारला तर बँकेला कारण कळवावं लागते. ते पत्र फेकू नका. त्यात ज्या ब्युरोचं नाव असेल त्याच्याकडून ६० दिवसांत अहवाल फुकट मागता येते, आणि नावाचा घोळ असला तर तो तिथंच दिसते.

अडाणकाठ
आजच पासपोर्ट काढून नावाचा रकाना पाहिला. बाबांचं नाव त्यात आहेच. व्हिसा आणि आय-२० वर तसंच आहे का, ते आता बहिणीसोबत बसून अक्षर-अक्षर जुळवतो.