प्रसूती विभाग सोडून बॅरिस्टर व्हावं का? या कामातलं कोणी आहे का इथे?

रात्रपाळी
नमस्कार. वय ३८, इंग्लंडमध्ये नऊ वर्षं, प्रसूती विभागात रजिस्ट्रार. एमबीबीएस भारतातलं.

मध्यंतरी वॉर्डातल्या एका केसमध्ये साक्षीदार म्हणून मला वकिलांसमोर बसावं लागलं. बॅरिस्टर बाई आमच्याच बाजूच्या होत्या. त्यांनी सीटीजीची (पोटातल्या बाळाचे ठोके नोंदवणाऱ्या मशीनची) पट्टी टेबलावर उलगडली, माझी नोंद शेजारी ठेवली आणि विचारलं, "मशीन दोन दहा म्हणतंय, तुम्ही दोन पंचवीस लिहिलंय. भिंतीवरचं घड्याळ आणि मशीनचं घड्याळ जुळत होतं का?" नऊ वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

विचारायचं असं, की ३८ म्हणजे उशीर झाला का? डॉक्टर असण्याचा खरंच फायदा होतो का? आणि अपघात, मेडिकल, नोकरी हे सगळे दावे एकाच चेंबर्समध्ये (बॅरिस्टरांच्या सामायिक ऑफिसात) का असतात? नवऱ्याचं म्हणणं, चालत्या गाडीतून उडी मारू नकोस. त्याचंही चूक नाही.

फाइलवाला
मी सॉलिसिटर आहे (अशिलाची फाइल सांभाळणारा वकील), कोर्टात बाजू मांडणारा बॅरिस्टर नाही. आधी एक सांगा, ती केस मिटलीय ना? नसेल तर त्या वेळा पोस्टमधून काढून टाका.

बाकी, वयाचा बाऊ करू नका. मी ज्यांना ब्रीफ (केसचं काम) पाठवतो त्यांत पूर्वीची नर्स आहे, पूर्वीचा पोलीसही आहे. वेळ जातो तो प्युपिलेज (चेंबर्समधली उमेदवारी) मिळण्यात. एकेका चेंबर्समध्ये जागा एक-दोन, आणि अर्जांचा ढीग.

रात्रपाळी
मिटलीय, आणि वेळाही बदलूनच लिहिल्यात. धन्यवाद.

गाऊनमधली
आज कोर्ट नाही, म्हणून लांबण लावते. एकोणीस वर्षं झाली मला, लंडनबाहेरच्या चेंबर्समध्ये. तिन्ही प्रकारचे दावे करते.

डॉक्टर असण्याचा फायदा कागद वाचताना भरपूर. नर्सिंग नोट्समधली आद्याक्षरं कळायला माझी पहिली दोन वर्षं गेली, तुम्हाला ती पहिल्या दिवशी कळतील. पण त्याचा जाचही होतो. माझ्याकडे एक प्युपिल होता, पूर्वाश्रमीचा डॉक्टर, हुशार. पहिल्याच कॉन्फरन्समध्ये आमच्याच ऑर्थोपेडिक एक्स्पर्टशी त्याची जुंपली. कुठला स्क्रू कुठे बसवायला हवा होता यावर दोघं दहा मिनिटं. समोर अशील बाई काठी मांडीवर आडवी धरून बसलेल्या, एकदा याच्या तोंडाकडे बघतायत, एकदा त्याच्या. बाहेर आल्यावर त्याला म्हटलं, बाबा रे, तुझं मत बरोबर असेल, पण तू साक्षीला उभा राहणार नाहीस. त्यांचं मत कुठे ठिसूळ आहे ते शोध आणि तेवढंच विचार. हे शिकायला त्याला वर्ष लागलं. तुम्हालाही लागेल, कारण डॉक्टरला मत द्यायची सवय असते.

दुसरी खोड टक्क्यांची. डॉक्टर टक्क्यांत विचार करतात, कोर्ट मात्र चुकीमुळे नुकसान झाल्याची शक्यता ५० च्या अलीकडे की पलीकडे एवढंच बघतं. हॉटसनची केस वाचा, १९८७ ची. १३ वर्षांचा मुलगा झाडावरून पडला, खुब्याला मार बसला. हॉस्पिटलनं निदान चुकवलं ते पाच दिवस. पुरावा असा आला की निदान वेळेत झालं असतं तरी खुबा निकामी होण्याची शक्यता ७५ टक्के होतीच. खालच्या न्यायाधीशांनी हुकलेल्या २५ टक्के संधीची भरपाई दिली. हाऊस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाचं सगळ्यात वरचं कोर्ट) तीही काढून घेतली. चूक हॉस्पिटलला मान्य, तरी पोराच्या पदरात त्याबद्दल काही नाही. ही केस पहिल्यांदा वाचली तेव्हा मला संताप आला होता. आता येत नाही, हे बरं की वाईट ते मी ठरवलेलं नाही.

डॉक्टरची हयगय कशी ठरवायची यावरच्या बोलम (१९५७) आणि बोलिथो (१९९७) या केसेस कोर्समध्ये येतीलच. माँटगोमेरी (२०१५) तर तुमच्या वॉर्डातलीच. मधुमेह असलेली, अंगानं लहान बाई, प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याचा ९-१० टक्के धोका, आणि तो तिला सांगितलाच नाही. त्या निकालानंतर धोका सांगायचा की नाही हे डॉक्टरांच्या रिवाजावर राहिलं नाही. त्या बाईच्या जागी असलेल्या पेशंटला तो महत्त्वाचा वाटला असता का, हे बघितलं जातं. तुम्ही रोज ज्या फॉर्मवर सही घेता त्याच्यामागे ही केस उभी आहे.

आता तिन्ही एकत्र का? माझ्याकडे एका केअर होममधली बाई आली होती. हॉइस्ट (माणसाला उचलायचं यंत्र) नादुरुस्त, तिनं हातांनी उचलून एका आजोबांना खुर्चीत बसवलं आणि पाठ गेली. रजा वाढत गेली, मग कामावरून काढलं. ती वकिलाकडे आली काढल्यानंतर आठ महिन्यांनी. कोणीतरी तिला सांगितलं होतं की अपघाताच्या दाव्याला तीन वर्षं असतात. पाठीसाठी ते खरं होतं. नोकरीच्या दाव्याला तेव्हा मुदत होती तीन महिन्यांत एक दिवस कमी, आणि त्याआधी एकासकडे (नोकरीच्या तंट्यात मध्यस्थी करणारी संस्था) नोंद करावी लागायची. पाठीचे पैसे मिळाले, नोकरीचा दावा उंबऱ्यावरच गेला. माणूस एक, दुखणं एक, पण दारं दोन आणि दोन्हींची कुलपं वेगळी. म्हणून एकाच छपराखाली.

एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलबद्दल (नोकरीचे दावे तिथे चालतात) एक आठवण. जुलै २०१३ पासून तिथे दावा लावायला फी बसवली होती, बडतर्फीचा दावा सुनावणीपर्यंत न्यायचा तर १,२०० पौंड. नुकतीच नोकरी गेलेल्या माणसाकडून! आमच्या डायऱ्यांत नोकरीची कामं दिसेनाशी झाली. युनिसन ही युनियन सुप्रीम कोर्टात गेली आणि जुलै २०१७ मध्ये फी बेकायदा ठरली, भरलेले पैसेही परत मिळाले. त्या दिवशी आमच्या क्लार्कनं केक आणला होता, अर्थात त्याचा हेतू निव्वळ न्यायप्रेमाचा नव्हता.

हो, क्लार्क. तुमची डायरी, फी, कुठली ब्रीफ कोणाला, सगळं त्याच्या हातात. कन्सल्टंटपेक्षा वॉर्ड सिस्टरचं जास्त चालतं ना, तसंच.

रात्रपाळी
ताई, हे वाचून झोप उडाली (रात्रपाळीच आहे म्हणा). पैशांचं आणि पहिल्या वर्षाचं थोडं सांगाल का? आणि मोठ्या बर्थ इंज्युरीच्या (जन्मताना बाळाला झालेल्या इजेच्या) केसेस कधी हातात येतात?

गाऊनमधली
मोठ्या केसेस लगेच येत नाहीत, मनाची तयारी ठेवा. प्युपिलेज बारा महिन्यांचं. पहिले सहा महिने दुसऱ्याच्या मागे बॅग धरून, पुढच्या सहांत स्वतः उभं राहायचं. माझी पहिली केस फुटपाथवरच्या उचकटलेल्या फरशीची. अशिलानं फोटो काढला होता, पण शेजारी पट्टी नाही की नाणंसुद्धा नाही. कौन्सिलचा वकील उठला आणि म्हणाला, यावरून उंची कशी ठरवायची? हरले. घरी येताना ट्रेनमध्ये कळलं की गाऊन कोर्टाच्या खोलीतच राहिलाय.

तसली छोटी कामं आता कमी झालीत. ३१ मे २०२१ पासून गाडीच्या अपघातातल्या मानेच्या लचकेला ठरावीक दरानं भरपाई, तीन महिन्यांपर्यंतच्या दुखण्याला तेव्हा २४० पौंड, आणि असे बरेच दावे ऑनलाइन पोर्टलवर गेले. ज्युनिअर मंडळी आधी त्यावर हात बसवायची.

पैसा उशिरा येतो. आज केलेल्या कामाचा पुढच्या वर्षीही येऊ शकतो. "नो विन, नो फी" वर घेतलेली केस हरलात तर येतच नाही. चेंबर्सचा वाटा, टॅक्स, पेन्शन सगळं आपलं आपण, आजारी पडलात तर रजेचा पगार नाही. एनएचएसमधून (सरकारी आरोग्यसेवेतून) आल्यावर हे बोचेल. पहिली काही वर्षं पुरेल एवढं साठवून या.

बर्थ इंज्युरीमध्ये बराच वेळ आकडेमोडीत जातो. मुलाला आयुष्यभर लागणाऱ्या काळजीचे पैसे आज एकरकमी द्यायचे, तर ते गुंतवून किती परतावा मिळेल असं धरायचं? हा दर सरकार ठरवतं. मार्च २०१७ मध्ये तो २.५ वरून थेट उणे ०.७५ टक्क्यांवर आला. मी तेव्हा एका सात वर्षांच्या मुलीच्या केसवर ज्युनिअर होते. त्या रात्री सगळे तक्ते नव्यानं मांडले. परतावा कमी धरला की आज जास्त पैसे लागतात, त्यामुळे दाव्याचा आकडा इतका फुगला की मी तीनदा बेरीज तपासली. मुलगी तीच, खुर्ची तीच, आणि समोरच्यांनी आदल्या आठवड्यात देऊ केलेली रक्कम एकदम तोकडी. (आता दर ०.५ आहे, जानेवारी २०२५ पासून.)

आणि इन (बॅरिस्टरांची संस्था)? चारांपैकी एक निवडायची. मी ग्रेज इनची. निवडताना मनात दुसरं काही नव्हतं, बाबासाहेब तिथून १९२२ साली बॅरिस्टर झाले एवढंच. स्कॉलरशिपचे अर्ज सगळीकडे असतात, चिकाटीनं करा.

नोकरी सोडायच्या आधी एक करा. सुट्टीच्या दिवशी जवळच्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलमध्ये जाऊन मागे बसा. बहुतेक सुनावण्या खुल्या असतात, तिकीट नाही, विगही नाहीत. दिवसभर बसवलं तर पुढचं बोलू.

रात्रपाळी
गेले होते काल. एका वेअरहाऊसमधल्या माणसाची केस, त्याच्याकडून वकील नाही, कागद पिशवीत. समोरच्या बॅरिस्टरनं उलटतपासणीत पहिला पाऊण तास फक्त तारखा विचारल्या. हा ईमेल कधी, ती मीटिंग कधी. मी कंटाळून उठणार तेवढ्यात तो माणूस म्हणाला, "पण तेव्हा मी रजेवर होतो." न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि त्याला रजेचा कागद शोधायला सांगितलं. पिशवीतून शोधायला त्याला पाच मिनिटं लागली. कोणी घाई केली नाही.

कागद सापडला. पुढची तारीख गुरुवारची आहे, मी रजा टाकलीय.