आरसी फाइल कंपाइल होते, तरी ईएक्सईला आयकॉन लागत नाही

बिनचेहऱ्याचा:
मंडळी, सी++ आणि क्यूटी (खिडक्या, बटणं पुरवणारी लायब्ररी) यांतला छोटा प्रोग्राम आहे, बिल्ड सीमेक या साधनावर. विंडोजवर व्यवस्थित चालतो, पण एक्सप्लोररमध्ये ईएक्सईचं तोंड तेच, सिस्टिमचा ठरलेला कोरा आयकॉन. आरसी फाइलमध्ये (विंडोजच्या ईएक्सईत आयकॉनसारखे रिसोर्स घालायला लागते ती) एकच ओळ आहे: 'आयडीआय_आयकॉन१', मग 'आयकॉन' हा कीवर्ड, मग अवतरणात आयको, म्हणजे आयकॉनच्या चित्राच्या फाइलचा पाथ. बिल्डच्या लॉगमध्ये रिसोर्स कंपायलर चाललेला दिसतो. ना एरर, ना वॉर्निंग. हीच आयको दुसऱ्या प्रोजेक्टात लावली तर दिसते. मांडणी अशी: सगळा कोड 'कोअर' या स्टॅटिक लायब्ररीत (कंपाइल झालेल्या तुकड्यांच्या गठ्ठ्यात), आरसीही तिथेच, ईएक्सईत फक्त मेन.सीपीपी. गोम कुठे आहे?

एफफाइव्ह:
आयकॉन कॅशे साफ करा. विंडोज जुना आयकॉन धरून बसतं.

जुना लिंकर:
कॅशेचा संशय फेडायला साफसफाई कशाला? ईएक्सईची कॉपी नव्या नावाने दुसऱ्या फोल्डरमध्ये टाका. तिथेही कोरीच दिसली तर कॅशे निर्दोष.

इथे खरी भानगड स्टॅटिक लायब्ररीची आहे. लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून ईएक्सई बनवणारा प्रोग्राम, लायब्ररीतून सरसकट सगळं उचलत नाही. एखादं फंक्शन किंवा व्हेरिएबल कुणी मागितलं, की ते ज्या ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे तुकड्यात, असेल तेवढाच आत घेतो. रिसोर्समध्ये मागण्यासारखं सिंबॉल, म्हणजे असं नावच नसतं. मग आयकॉन कंपाइल होतो, लायब्ररीत जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. लिंकरच्या हिशेबी यात काही चुकलेलं नाही, म्हणून तो तक्रारही करत नाही. मला विचाराल तर एका वॉर्निंगची माणुसकी दाखवायला हरकत नव्हती.

आरसी फाइल 'कोअर'मधून काढा आणि 'टार्गेट_सोर्सेस'ने थेट ईएक्सईच्या टार्गेटला (सीमेकच्या भाषेत, बनवायच्या वस्तूला) जोडा, 'प्रायव्हेट' म्हणून. वेगळं काही सांगावं लागत नाही. विंडोजवर सीमेक रिसोर्स कंपायलर आपणहून शोधतं, एमएसव्हीसी (मायक्रोसॉफ्टचा कंपायलर) असेल तर 'आरसी' नावाचं साधन, मिनजीडब्ल्यू (विंडोजवरचा जीसीसी कंपायलर) असेल तर विंडरेस.

'आयडीआय_आयकॉन१' हे नाव मात्र तसंच ठेवा. क्यूटी खिडकीच्या टायटलबारसाठी नेमक्या याच नावाचा रिसोर्स शोधतं. कुठल्या हेडरमध्ये त्याला १०१ वगैरे आकडा डिफाइन केलात, तर ते नाव न राहता आकडा होतं. मग एक्सप्लोररमध्ये आयकॉन दिसेल आणि खिडकीवर नाही.

बिनचेहऱ्याचा:
लागला! खिडकीवरही आला. आता डिझायनरने नवी आयको दिली, ती जुन्या नावानेच टाकली, तर बिल्ड म्हणतं करण्यासारखं काही नाही.

जुना लिंकर:
आरसी फाइल बदललीच नाही ना! सगळ्याच जनरेटरांना (सीमेकच्या, बिल्डच्या फाइल्स लिहिणाऱ्या भागांना) तिच्या आत उल्लेखलेली आयको कळत नाही. 'सेट_सोर्स_फाइल्स_प्रॉपर्टीज'ने आरसीवर 'ऑब्जेक्ट_डिपेंड्स' लावा आणि त्यात आयकोचा पूर्ण पाथ द्या. नव्या आयकोत १६, ३२, ४८ आणि २५६ पिक्सेलच्या चारही प्रती आहेत ना, तेही बघून घ्या. पीएनजीचं नुसतं एक्स्टेन्शन बदलून आयको होत नाही.

बिनचेहऱ्याचा:
आहेत चारही. हाच प्रोग्राम लिनक्स आणि मॅकवरही द्यायचाय. तिथे आरसी चालेल?

पेंग्विनपंथी:
नाही. लिनक्सच्या ईएलएफ फाइलमध्ये (तिथल्या ईएक्सईत) आयकॉनला ठरलेली जागाच नाही. सीमेकच्या 'इन्स्टॉल'ने पीएनजी 'शेअर/आयकॉन्स/हायकलर/२५६x२५६/ॲप्स'मध्ये आणि डेस्कटॉप फाइल (मेनूत प्रोग्रामचं नाव, आयकॉन दाखवणारी) 'शेअर/ॲप्लिकेशन्स'मध्ये टाका. डेस्कटॉप फाइलच्या 'आयकॉन' ओळीत नुसतं नाव, एक्स्टेन्शन नको. वेलँडवर (लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेत) खिडकीचा आयकॉनही बहुधा या डेस्कटॉप फाइलवरूनच ठरतो, तेव्हा क्यूटीत 'सेटडेस्कटॉपफाइलनेम'ला तिचंच नाव द्या, शेवटचं '.डेस्कटॉप' गाळून.

मॅकला आयसीएनएस ही आयकॉनची फाइल लागते. आयकॉनसेट फोल्डरपासून (त्यात वेगवेगळ्या आकारांच्या पीएनजी असतात) 'आयकॉनयुटिल' ती बनवून देतं. टार्गेट 'मॅकओएसएक्स_बंडल' (बंडल म्हणजे मॅकच्या ॲपचं फोल्डर) करा, 'मॅकओएसएक्स_बंडल_आयकॉन_फाइल'मध्ये नाव द्या, आणि आयसीएनएस सोर्समध्ये घालून तिच्यावर 'मॅकओएसएक्स_पॅकेज_लोकेशन' म्हणजे 'रिसोर्सेस' लावा. ही शेवटची प्रॉपर्टी राहिली तर इन्फो.पीलिस्टमध्ये (बंडलची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये) नाव असतं आणि बंडलमध्ये फाइल नसते.