मदत हवी आहे: डिझेलच्या काजळीतून जड पीएएच पूर्ण सुटत नाहीत

शेतीपंपाच्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाच्या धुरातले पीएएच (अनेक बेन्झीन वलयं जोडलेली हायड्रोकार्बन संयुगं) मोजतोय. धूर डायल्यूशन टनेलमधून (यात धुरात स्वच्छ हवा मिसळून तो विरळ आणि थंड करतात) घेतो, फिल्टरपाशी तापमान ५२ अंशांखाली. क्वार्ट्झ फिल्टर आधी ५५० अंशांना भाजलेले, नंतर फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० ला ठेवलेले. डायक्लोरोमिथेनमध्ये १८ तास सॉक्सलेट (द्रावक उकळून-थंड करून त्याने नमुना पुन्हा पुन्हा धुणं), मग सिलिका जेलवर सफाई आणि जीसी-एमएस (संयुगं वेगळी करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) सिम मोडमध्ये, म्हणजे ठरावीक आयनच मोजून.

अडचण अशी की फेनान्थ्रिन, पायरिन ठीक येतात, पण बेन्झो(ए)पायरिन आणि त्याहून जड संयुगं नेहमीच कमी. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेचा १६५०बी हा डिझेल काजळीचा संदर्भ नमुना चालवला, तिथेही तेच. गंमत म्हणजे काढणीआधी टाकलेल्या ड्युटेरेटेड (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या) मानकांची रिकव्हरी (टाकलेल्यापैकी परत मिळालेला भाग) उत्तम दिसते. वरून टाकलेलं सहज सुटतं, काजळीत मुरलेलं सुटत नाही, असा माझा अंदाज. त्यामुळे त्या रिकव्हरीवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

कॅलिब्रेशन नव्याने केलं, जीसीच्या इंजेक्टरमधला लायनर (काचेची नळी) बदलला, सॉक्सलेटचा वेळ वाढवला; फरक नगण्य. ब्लँक (नमुन्याविना केलेल्या चाचण्या) स्वच्छ आहेत. (क्वार्ट्झवर बाष्प चिकटण्याचा प्रश्न वेगळा, त्यासाठी मागे दुसरा फिल्टर लावतो.)

दाबाखालचं एक्स्ट्रॅक्शन यंत्र आमच्याकडे नाही; सॉक्सलेट आणि सोनिकेटर (अल्ट्रासाऊंडने संयुगं सोडवणारं यंत्र) एवढंच. बेन्झीन वापरायची परवानगी नाही.

टोल्युइनकडे वळायचा विचार आहे, पण ते ११० अंशांना उकळतं. आटवताना फेनान्थ्रिनसारखे हलके पीएएच उडून जाऊ नयेत म्हणून तुम्ही काय करता? आणि काजळीसाठी नुसतं टोल्युइन पुरतं, की त्यात थोडं मिथेनॉल घालावं लागतं?